कपडे घालून घेतलेली बैठक

आमच्या प्रयोगशाळेत बर्फ बनवतात. बाहेर सगळा समुद्र गोठलेला असताना आत लांबलचक हौद भरून बर्फ कशाला बनवायचा, असं आमच्या तुर्कू शहरातली शहाणी माणसं आम्हाला विचारतात. आम्ही उत्तर देत बसत नाही. ज्या जहाजाला पुढे खऱ्या बर्फातून जायचं आहे, त्याची होडीएवढी प्रतिकृती आधी आमच्या हौदातल्या बर्फातून ओढून पाहायची, एवढंच आमचं काम. मी इथली इंजिनियर. नाव रैया. निवृत्तीला आलेली, तोंडाने जराशी तिखट. हौदाच्या भिंतीला तडे कुठे कुठे आहेत ते मी डोळे मिटून सांगेन. पण एकाही जहाजाच्या चाचणीची प्रमुख मी कधी झाले नाही. त्याचं कारण गुरुवार.

ते असं, की आमचे पुरुष अंगावर कपडे असले की बोलत नाहीत. बैठकीत बसवा, कॉफी द्या, वेलचीचा गोड पाव द्या, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसतील. तेच गुरुवारी संध्याकाळी समुद्राकाठच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, उघडे होऊन फळ्यांवर चढले, कुणी तापल्या दगडांवर डबाभर पाणी फेकलं, वाफ उठली, की यांच्या जिभा सुटतात. कोणतं जहाज कधी घ्यायचं, प्रमुख कोण, कुणाला बढती, सगळं तिथेच ठरतं. बायकांची वेळ पाच ते सहा. पुरुषांची सहापासून पुढे. पुढे म्हणजे कुठपर्यंत, ते कधी कुणी ठरवलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी मग रीतसर बैठक होते. आमचा प्रमुख इल्पो म्हणतो, "तर, अमुक जहाज." कालेर्वो म्हणतो, "हं." इल्पो म्हणतो, "मग तसंच करू." कॉफीवर साय धरायच्या आत बैठक उठते. नवीन माणसाला वाटतं, वा, काय एकमत आहे या लोकांत!

तर अशा या प्रयोगशाळेत होदन आली. तिचे आईवडील सोमालियातून आलेले, ही जन्मली आणि वाढली इथेच, आणि तुर्कूची बोली अशी ठसक्यात बोलते की हेलसिंकीच्या लोकांना समजत नाही. जहाजबांधणीत पहिल्या वर्गात पास झालेली. तिच्या घरी मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, म्हणून चारचौघांत ती मला रैया म्हणते आणि दोघीच असलो की आत्या. मला कुणी भाचरं नाहीत. पहिल्यांदा तिने आत्या म्हटलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिच्यावर खेकसले.

होदन आल्याचा इल्पोलाही आनंद झाला, फारच झाला. त्याने लगेच तिचा फोटो काढून घेतला. नारिंगी सूट, डोक्यावर शिरस्त्राण. आमच्या हौदावर शिरस्त्राण कुणी घालत नाही, डोक्यावर पडण्यासारखं वर काही नाही, पण फोटोत बरं दिसतं म्हणे. तो फोटो संकेतस्थळावर गेला, माहितीपत्रकावर गेला, बंदरावरच्या भल्यामोठ्या फलकावर गेला. मग शाळांतून बोलावणी यायला लागली: मुलींना विज्ञानाकडे वळवायचंय, तुमच्या होदनला पाठवा. इल्पो हौसेने पाठवायचा. आणि योगायोग बघा, हौदात जहाज असलं की नेमकं त्याच दिवशी कुठल्यातरी शाळेला होदन हवी असायची.

"तुला प्रत्यक्ष चाचणीचा अनुभव जरा कमी आहे," इल्पो तिला अगदी मायेने म्हणायचा.

"मी शाळेत होते, इल्पो. तूच पाठवलंस."

"हो, आणि किती छान बोललीस म्हणे!"

माणूस वाईट नाही हो. इल्पोच्या मनात काळंबेरं असतं तर मला सोपं गेलं असतं, मी कधीच भांडून मोकळी झाले असते.

दोन हिवाळ्यांपूर्वी हेलसिंकीहून एक सल्लागार बाई आल्या. कामाच्या जागी समानता आहे की नाही ते बघायला. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, तुम्हाला इथे काय खटकतं? सगळे मूग गिळून बसले. मीही बसले, कपडे अंगावर असले की मीही फिनिशच. पण बाई हुशार. दुपारी त्यांनी मला आणि आमच्या हिशेबनीस सिर्कूला कोपऱ्यात गाठलं आणि गुरुवारची गोष्ट काढून घेतली. त्यांच्या अहवालात मग स्पष्ट वाक्य आलं: जिथे निर्णय होतात त्या जागी स्त्रियांना जागा मिळावी.

इल्पोने ते वाक्य तीनदा वाचलं. त्याला ते मनापासून पटलं. आणि त्याने आम्हाला सौना बांधून दिला.

खोटं सांगत नाही. जुन्या सौनाला लागून, नवा, ऐसपैस, समुद्राकडे खिडकी, लाकडाची भट्टी. दारावर पाटी: स्त्रिया. उद्घाटनाला केक होता. इल्पोचे डोळे पाणावले होते. "आता कुणी म्हणू नये," तो म्हणाला, "की आमच्याकडे बायकांना जागा नाही."

प्रयोगशाळेत बायका आम्ही तिघीच. आम्ही तिथे बसायला लागलो. सौनात अंगावर कापड म्हटलं की आमच्या लोकांचे डोळे पांढरे होतात, पण होदन पहिल्या दिवसापासून लांब सुती वस्त्र गुंडाळूनच बसली. सिर्कूने जरा नाक मुरडलं, आठवडाभराने तिला ते दिसेनासं झालं. होदन म्हणाली, "माझ्या आजीला हे दाखवलं तर म्हणेल, मोगादिशूची दुपार होती ती, तुम्ही खोली बांधून तिच्यात कशाला कोंडलीत?" आम्ही पोट धरून हसलो. निर्णयही घ्यायला लागलो. कॉफी कोणत्या दुकानाची आणायची ते आम्ही ठरवलं. जेवणघराचे पडदे ठरवले. जहाजं मात्र भिंतीपलीकडेच ठरत राहिली. वाफेबरोबर त्यांची कुजबूज ऐकू यायची, शब्द कळत नसत.

यंदा जानेवारीत धुराडी तपासणारा माणूस आला. नव्या सौनाचं धुराडं बघून मान डोलावली, जुन्याचं बघून मान हलवली. धुराड्याला तडा गेलाय, वसंतापर्यंत इथे आग पेटवायची नाही, असं बजावून गेला. पुरुषांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मग ठरलं, नवाच सौना सगळ्यांनी वापरायचा. पाटी तात्पुरती काढली. बायका पाच ते सहा, पुरुष सहापासून पुढे.

आणि त्याच सुमारास ती फेरीबोट आली. द्वीपसमूहातल्या एका बेटावर रोज जा-ये करणारी, दोन्ही टोकांनी सारखी, गाड्या नेणारी. मोठं काम होतं. चाचणीप्रमुख म्हणून आर्नीचं नाव हवेत होतं. आर्नी होदनच्याच वयाचा, कामाला चोख, आणि सहानंतरच्या वेळेतला. होदनने इल्पोला सांगून टाकलं होतं की हे काम मला हवंय. इल्पो म्हणाला होता, बघू. आमच्याकडे बघू म्हणजे गुरुवार.

त्या गुरुवारी बाहेर उणे पंधरा होतं आणि बर्फावरून वारा सुटला होता. आत आम्ही तिघी वरच्या फळीवर. होदन गप्प होती. ती गप्प असली की मला काळजी वाटते, तिच्या तोंडाला कुलूप माझ्यासारखं उपजत नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"आज शाळेत गेले होते. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी. माझं सगळं सांगून झाल्यावर तिने हात वर केला आणि विचारलं, तुझं जहाज कुठलं?"

"मग?"

"मी म्हटलं, आम्ही सगळे मिळून करतो. ती म्हणाली, हो, पण तुझं कुठलं?" होदनने घाम पुसला. निदान तिने तो घाम म्हणून पुसला. "आत्या, मी आता त्या पोरींना काय सांगू? या, तुमचाही फोटो काढतील? ही फेरीबोट मिळाली नाही ना, तर मी चालले. नॉर्वेत जागा आहे. मी तिथे अर्ज करून ठेवलाय."

सिर्कूसमोर तिने मला आत्या म्हटलं होतं. तिच्या ध्यानातही आलं नाही. ही गेली तर मला इथे कोण राहिलं? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती थांबली तर तिचं काय होणार ते मी रोज आरशात बघतच होते.

"बोटीचं तुझ्या डोक्यात काय आहे ते तरी सांग," मी म्हटलं.

मग ती सांगत सुटली आणि आमचं घड्याळाकडे लक्षच राहिलं नाही. दार वाजलं तेव्हा ती हातांनी बंदराचा धक्का आणि बोट करून दाखवत होती.

नव्या सौनाला कपडे बदलायची खोली एकच. आम्ही निघाल्याशिवाय त्यांना आत येता येत नाही, आणि बाहेर आडोसा म्हणजे वीतभर पडवी.

"रैया," इल्पोचा आवाज आला. "सहा वाजून गेले."

सिर्कू सवयीने उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. का बसवलं? राग आला म्हणून. साधा, बऱ्याच वर्षांचा राग.

"माहीत आहे," मी ओरडले.

"मग?"

"आमचं बोलणं संपलं नाही."

बाहेर बूट आपटल्याचे आवाज. "कशाबद्दल बोलताय?"

"फेरीबोटीबद्दल."

"पण ते तर आमच्या वेळेत बोलायचंय!" हा आर्नी. भोळा आहे बिचारा, मनात आलं ते बोलून गेला.

त्यानंतर दाराबाहेर जी शांतता पसरली तशी शांतता मी आमच्या देशातसुद्धा कधी अनुभवली नव्हती. चार-पाच पुरुष आपलंच बोलणं आपल्याच कानांनी ऐकत उभे होते. इल्पो खाकरला.

मी डबाभर पाणी दगडांवर ओतलं. मुद्दाम, सावकाश, त्यांना चर्र ऐकू जाईल असं.

"रैया, त्यांना न्यूमोनिया होईल," सिर्कू कुजबुजली.

"टोप्या आहेत त्यांना."

"रैया!" आता कालेर्वो. आमचा सगळ्यात जुना माणूस, माझ्याआधीचा. "माझ्या हातातलं सॉसेज गोठलंय!"

"आत भट्टी आहे, वितळेल. वेळ आली की."

सिर्कूने तोंडात टॉवेल कोंबला, तिला हसू आवरेना. तेवढ्यात इल्पो दाराला तोंड लावून म्हणाला, "ऐका, तुम्हाला काय हवंय? होदनला प्रमुख करायचंय? बरं, चालेल, करू. दार उघडा आता."

मी उडालेच. जिंकलो! मी उठून दाराकडे निघाले आणि होदनने माझा दंड पकडला.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, दिलं ना त्याने!"

"असं नको, आत्या. उद्या सगळे म्हणतील, थंडी वाजत होती म्हणून दिलं. आणि खरंच असेल ते." ती दाराशी गेली. "इल्पो! तुझं आत्ताचं बोलणं मी ऐकलंच नाही असं समज. उद्या बैठकीत विचार. सगळ्यांसमोर, टेबलावर, कपडे घालून."

"कपडे घालून?" कालेर्वो बाहेरून ओरडला. शस्त्रक्रिया भूल न देता करणार का, असं विचारताना माणसाचा लागतो तसा त्याचा आवाज लागला.

"आणि आज आत आल्यावर फेरीबोटीचं नाव काढायचं नाही."

"मग आम्ही बोलायचं काय?" इल्पोने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"हवेबद्दल बोला," मी म्हटलं.

आम्ही कपडे करून बाहेर पडलो. ते पडवीत एका ओळीत उभे, भुवयांवर बर्फ. "हवेबद्दल, बरं," इल्पो आत जाता जाता म्हणाला. शब्द दिला म्हणजे दिला, एवढं आमच्या पुरुषांचं मानावं लागेल. आर्नीने नंतर सांगितलं, तासभर सगळे गप्प बसले होते, मध्ये फक्त कालेर्वोने गुडघ्याचं दुखणं काढलं आणि तेही अर्ध्यावर सोडलं.

शुक्रवारी सकाळी कॉफी ओतली गेली. इल्पो म्हणाला, "तर, फेरीबोट."

कालेर्वोने सवयीने "हं" म्हटलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की यापुढे काही नाही. तो इल्पोकडे बघायला लागला. इल्पो पावाकडे. भिंतीतला पंखा घरघरत होता.

"प्रमुख मी व्हावं असं मला वाटतं," शेवटी आर्नी म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"मलाही हवंय," होदन म्हणाली.

मला हवंय! आमच्या टेबलावर असं कुणी बोलत नाही. सगळ्यांनी माना कपात घातल्या. होदन थांबली नाही. तिने सांगितलं, ही बोट सरळ बर्फ कापत जाईल याची मला काळजी नाही, ते आपण नेहमीसारखं तपासू. पण ती रोज त्याच दोन धक्क्यांना लागणार. येताना पुढचा फुटका बर्फ ढकलत आणणार आणि तो धक्का आणि बोट यांच्यामध्ये ठासून बसणार. म्हणून मला हौदात धक्काही बांधायचाय.

"आपण जहाजं तपासतो," कालेर्वो म्हणाला, "धक्के नाही."

"हौदाची लांबी कमी पडेल," आर्नी म्हणाला. "धक्का बांधलास तर वेग घ्यायला जागा कुठे?"

"धक्क्याला लागताना वेग कोण घेतं?"

"आणि बर्फ रोज नव्याने फोडायचा? एका चाचणीला आठवडा जाईल."

"जाईल. त्यावर उपाय मला अजून सापडला नाही," होदन म्हणाली. "तुला सुचला तर हवाय."

आर्नीने कागद ओढला आणि काहीतरी काढायला लागला. दोघांची अर्धा तास जुंपली. आवाज चढले. मी असं त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. इल्पोने घाबरून दुसरी कॉफी चढवली. आणि मध्येच कालेर्वो, कुणी काही विचारलेलं नसताना, टेबलाकडे बघत म्हणाला, "मागच्या फेब्रुवारीत मी अडकलो होतो."

कालेर्वोचं सुट्टीतलं घर त्याच बेटांपैकी एकावर आहे.

"धक्का इथून त्या दाराएवढ्या अंतरावर असेल. बर्फ मध्ये. बोटीची उतरायची फळी टेकेना. सामान घेऊन बसून राहिलो. समोर काठावर बायको दिसत होती."

"मग काय केलंस?" होदनने विचारलं.

"काय करणार? हात हलवला." त्याने कप फिरवला. "तिनेही हलवला."

इल्पोने एक सुस्कारा सोडला. "बरं. मग आता एकेकाने सांगा." आणि तो टेबलाभोवती एकेकाला विचारत निघाला. कुणी आर्नी म्हणालं, कुणी होदन. कालेर्वो बराच वेळ घेऊन म्हणाला, "धक्का बांधणार ती." मग इल्पो माझ्याकडे वळला. "रैया? तुझं काय मत?"

वेड्यासारखं झालं मला. नाव सांगायचं होतं, एक शब्द, आणि तो बाहेर पडेना. आयुष्यभर मी या टेबलावर बसून, निकाल लागून गेलेले सामने बघत आले होते. आज इथे काय होणार ते मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"होदन," मी म्हणाले. जरुरीपेक्षा फार मोठ्याने म्हणाले. सिर्कू दचकली.

काम होदनला मिळालं. आर्नी म्हणाला, "मला वाईट वाटलं." मग म्हणाला, "प्रतिकृती ओढायची गाडी मी चालवतो, तू वेग वाढवून सगळं मोडशील." होदनने त्याचा कागद उचलला आणि दोघं भांडतच हौदाकडे गेली.

कप गोळा करायला मी आणि कालेर्वो मागे राहिलो. दुपार होत आली होती.

"केवढा वेळ गेला," तो कुरकुरला. "सौनात हे एका डब्याच्या वाफेत झालं असतं."

"झालं असतं. आणि मला ते आज सकाळी कळलं असतं."

तो कप हातात घेऊन थांबला. "नेहमी असंच कळायचं तुला?"

"नेहमी."

"मग बोलायचंस ना एखाद्या वेळी."

"कोणत्या वेळी, कालेर्वो?"

मग तो विचार करायला लागला. खरंच करत होता, कपाळाला आठ्या घालून, मी आले त्या वर्षापासून एकेक हिवाळा मनात उलटत. मी सगळे कप विसळून, पुसून फळीवर लावले, तरी तो तिथेच उभा होता, आणि एकही वेळ त्याला सापडली नव्हती.